अर्धा मिनिट मागे

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला आम्ही खुडबुड म्हणतो. नाव माझ्या आणि यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बोलण्यातून पडलं. ती राहायला आली त्याच आठवड्यात छतातून आवाज यायला लागले, काहीतरी सरकवल्याचे, उघडल्याचे, स्क्रू घरंगळल्याचे. हे पलंगावर पडल्या पडल्या वर बघून म्हणाले, "भाडेकरू ठेवलाय की उंदीर?" मी म्हटलं, "भाडेकरूच आहे, खुडबुड तेवढी उंदराची आहे." झालं, तेच नाव पडलं. तिला कळल्यावर ती रागवेल असं मला वाटलं होतं. तिने उलट ते नाव कागदावर लिहून दारावर चिकटवलं.

ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती आमच्या डोक्यावर गच्चीतल्या खोलीत, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिच्या खोलीत जायचं तर मन घट्ट करून जावं लागतं. अर्ध्या पलंगावर कपडे. त्यातले धुतलेले कुठले आणि धुवायचे कुठले ते तिलाही वास घेतल्याशिवाय सांगता येत नाही. टेबलावर तीन लॅपटॉप. एकाला पडदाच नाही, नुसतं धड. खोलीत पंखा एकच, आणि त्याचं तोंड त्या धडाकडे. ही बाजूला घामाने निथळत बसलेली.

"अगं, पंखा माणसांसाठी असतो," मी एकदा म्हटलं.

"मला घाम तरी येतो, काकू. त्याला तोही येत नाही."

परीक्षा आली की ती गच्चीत फेऱ्या मारत वाळत घातलेल्या चादरींना धडा समजावून सांगते. चहा करते, विसरते, निवलेला कप माझ्याकडे गरम करायला आणते, आणि बोलत बसून पुन्हा निववते. मी तिला रोज बोलते आणि तिच्यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

अशी ही मुलगी आठवडाभर यंत्रात तोंड खुपसून बसायची आणि रविवारी दुपारी मात्र सगळं सोडून गाणं ऐकायला जायची. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाखाली तळघर आहे, तिथे आमच्या यांचा बँड वाजवायचा. बँड म्हणजे चार जण. पियानोवर दाताचे डॉक्टर, ज्यांना सगळे दातवाले म्हणतात. गायला ड्राय क्लिनिंगचं दुकान चालवणाऱ्या बाई. ड्रमवर शाळेच्या बसचा ड्रायव्हर. आणि मागे, माणसापेक्षा उंच, भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या त्या डबल बासला मिठी मारल्यासारखे उभे राहिलेले आमचे हे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढून यांनी नोकरी केली, पण विचारलं तर सांगायचे, मी बास वाजवतो. खुडबुडला सूर म्हणाल तर तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. तरी ती प्रत्येक वेळी स्पीकरशेजारी वायरींच्या गुंत्यात बसून असायची. तिथेच यांची ओळख झाली आणि खोली रिकामी आहे म्हणून हे तिला घरी घेऊन आले.

"रेकॉर्ड केलेलं का नाही ऐकत? घरबसल्या ऐकता येतं," मी विचारलं होतं.

"त्यात आता कुणी चुकू शकत नाही ना," ती म्हणाली. "तिथे समोर चुकू शकतात. तरी चुकत नाहीत. मला ते दर वेळी जादूसारखं वाटतं."

मग यांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. दवाखान्यातून घरी आले ते नाकाला नळी लावून, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला दिवसरात्र घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टरांनी जिन्याचं नावच काढू नका म्हणून सांगितलं. इथले तीन मजले उतरायचे, तिथलं तळघर उतरायचं, आणि परत सगळं चढायचं, छे. बँडलाच घरी बोलवावं तर पियानो आमच्या जिन्यात वळत नाही. बास खोळ घालून कोपऱ्यात उभा राहिला. दातवाल्यांनी दुसरा बासवाला घेतला नाही. यांची जागा रिकामी सोडून वाजवत राहिले. त्याने यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. काहीही विचारा, उत्तर एकच. खिडकी उघडू? राहू दे. थोडं खाता? राहू दे. वाजवून बघता का जरा? राहू दे. नवरा समोर बसलेला असून घरात नाही, असं मला महिनोन् महिने वाटत होतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

उपाय काढायला गेली खुडबुड. तिने बँडची वेबसाइट केली, तळघरात माइक टांगले आणि रविवारचं गाणं होत असतानाच इथे यांच्या हेडफोनमध्ये ऐकू येईल अशी सोय केली. इतरही लोक ऐकायला लागले, परगावी गेलेले, म्हातारपणामुळे घराबाहेर न पडणारे. फक्त ती वेबसाइट अधूनमधून पडायची. जिन्यात धावत येऊन खुडबुड सांगायची, "काकू, साइट पडली!" आणि हे पलंगावरून म्हणायचे, "फार लागलं नाही ना?" एवढ्या दिवसांत यांनी केलेला हा पहिला विनोद, त्यामुळे ती पडली की मला मनातून बरंच वाटायचं.

एका रविवारी मी भांडी घासत होते आणि भिंतीतून बास ऐकू आला. मी नळ बंद केला. बघायला गेले नाही. गेले असते तर हे लाजून थांबले असते. ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. तेवढ्यात खुडबुड, हल्ली ती रविवारी साइट सांभाळत वरच बसायची, अनवाणी पायऱ्या उतरत आली, आवाज तुटतोय का विचारायला. खोलीच्या दारात तिचा पुतळा झाला, आणि तिच्या खांद्यावरून मलाही दिसलं. हे उंच स्टुलावर बसले होते, कानाला हेडफोन, नाकात नळी, डोळे मिटलेले, आणि बोटं तारांवर.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "काका, कुणाबरोबर वाजवताय?"

"कुणाबरोबर म्हणजे? त्यांच्याबरोबर."

"पण ते तर पुढे गेले. आवाज इथे पोचायला अर्धा मिनिट लागतो. तुटू नये म्हणून मी तो थोडा साठवून मग पुढे सोडते. तुम्ही वाजवता तेव्हा त्यांचं ते वाजवून झालेलं असतं."

"त्यांचं झालं असेल," हे म्हणाले. "मला तर आत्ता ऐकू येतायत."

ती तशीच मागे वळली. जिन्यात जाऊन बसली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे मोठे झालेले. ती हळू हळू बोलत होती, जणू स्वतःलाच पटवत होती. तळघरातल्या हॉलमधून सूर निघतो. अर्ध्या मिनिटाने तो काकांच्या कानात येतो. काका बरोबर त्याच्यावर आपला सूर ठेवतात. ते दोन्ही इथेच एकत्र केले आणि एकत्रच पुढे पाठवले, तर पुढे ऐकणाऱ्याला त्यात फट दिसणारच नाही. चौघं एका खोलीत वाजवतायत असंच ऐकू येईल.

"म्हणजे मी हॉलमध्ये जाऊन बसले तर?" मी विचारलं.

"तर काका नाहीत."

"आणि इथे यांच्यासमोर बसले तर?"

"तर फक्त काका."

"मग चौघं आहेत कुठे?"

"वेबसाइटवर, काकू. फक्त तिथेच."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेली बाई. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून देणं हेच आयुष्यभर केलं. पण या टोकालाही नाही आणि त्या टोकालाही नाही, अशी गोष्ट मधल्या वाटेवर अख्खी असू शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि हे मला ज्या मुलीने सांगितलं तिला स्वतःच्या मोज्यांची जोडी सापडत नव्हती.

त्याच सुमारास बातमी आली की फर्निचरवाल्यांना तळघर गोदामासाठी हवंय. शेवटचा एक रविवार मिळाला. खुडबुडने यांच्यापुढे बेत मांडला. हे खिडकीकडे बघत म्हणाले, "बघू." ज्या माणसाच्या तोंडून वर्षभर 'राहू दे'शिवाय काही निघालं नव्हतं, त्याचं 'बघू' म्हणजे काय ते मलाच ठाऊक. या माणसाला कारण मिळायचा अवकाश, तो बासला पुन्हा खोळ घालेल आणि ती खोळ मग कधीच निघणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

मग घराची प्रयोगशाळा झाली. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर माइकमध्ये जात होती म्हणून ते बाथरूममध्ये ठेवलं आणि नळी लांब केली. पडदा नसलेला लॅपटॉप वरून खाली आला आणि यांच्या औषधांशेजारी बसला. यांचा आणि बँडचा आवाज एकत्र करायचं काम त्याचं. रविवारी पंखा त्याच्याकडे वळवायला मीच गेले. माणसाला कसली कसली लागण होते.

आणि शेवटच्या रविवारी सकाळी खुडबुड माझ्या दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक. आवाज इतका लहान की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"काकू, साइट बंद केली त्यांनी. माझ्यामुळे."

ती पुढे जे बोलली ते मी माझ्या भाषेत सांगते. वेबसाइट म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या यंत्रावर घेतलेली भाड्याची खोली. म्हणजे आमची भाडेकरूही कुणाची तरी भाडेकरूच. आजच्या दिवशी ती पडू नये म्हणून काळजीपोटी तिने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याने साइटला मधूनमधून विचारायचं, जागी आहेस का? उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा विचारायचं. बरं, एका ठिकाणाहून विचारावं ना! हिने तो कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवला. साइटला उत्तर द्यायला जरा उशीर झाला, आणि लॅबभरचे कॉम्प्युटर एकदम तिच्या दारावर तुटून पडले. जागी आहेस का, जागी आहेस का, जागी आहेस का. कंपनीला वाटलं कुणीतरी हल्ला केलाय. त्यांनी खोलीला कुलूप घातलं. तिने पत्र लिहिलं तर यंत्राचं उत्तर आलं, आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत, सुट्टीनंतर बघू.

"मी ती पडू नये म्हणून..." एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसली.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. कारण 'बरं वाटतंय का, बरं वाटतंय का' असं दिवसातून शंभरदा विचारून मीही एका माणसाला हैराण केलं होतं. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"यांना कळता कामा नये," मी म्हटलं. "आत्ता 'राहू दे' म्हणाले तर कायमचे म्हणतील. तुला रडायचं असेल तर चहा होईपर्यंत रड. मग उठ."

ती रडली नाही. उठली. चहा तसाच ठेवून वर गेली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दुसऱ्या एका कंपनीकडे नवीन खोली घेऊन तिने साइटचं सगळं सामान तिकडे हलवलं. पण गोम अशी, की साइटचं नाव टाकलं की लोक अजून जुन्याच दारात जात होते. नवा पत्ता जगभर सगळीकडे पोचायला एखादा दिवस जातो म्हणे. तिने नावाऐवजी एक मोठा आकडा दाखवला, मध्ये मध्ये टिंबं असलेला. तो टाकला की थेट नव्या दारात.

"पण लोकांना हा कसा कळवणार? मला आता हॉलवर जायलाच हवं, माइक लावायचेत."

"तू जा," मी म्हटलं. "नंबर सांगणं हा माझा धंदा होता."

आत हे बास सुरात लावत होते आणि स्वयंपाकघराचं दार लावून, खुडबुडने दिलेली ऐकणाऱ्यांची यादी समोर ठेवून मी एकेकाला फोन करत होते. ऐकणाऱ्यांत निम्मे जण ऐकायला कमी येणारे. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "हा कुणाचा नंबर?" मी म्हटलं, "आमच्या यांचा." म्हणाले, "मग फोन लावतो." "फोनमध्ये नाही हो, कॉम्प्युटरमध्ये घाला! आणि टिंबं गाळू नका!" दातवाल्यांच्या एका जुन्या पेशंटला टिंब सापडेना. एकीने आकडा इतक्या वेळा परत वाचून दाखवला की मला तो पाठ झाला. घसा बसला, पण एक्सचेंजमध्ये असताना यायचा तो जोर कुठून तरी अंगात आला. मधेच यांनी आतून विचारलं, "कुणाशी भांडतेयस?" मी म्हटलं, "गॅसवाल्याशी."

दुपारी बँड सुरू झाला. खुडबुड तिकडे हॉलमध्ये, मी इकडे पलंगाच्या कडेवर, आणि आमच्या दोघींमध्ये फोन. माझ्या एका कानात हॉल, तिथे आत्ता चाललेलं. दुसऱ्या कानाला आमची खोली, अर्धा मिनिट मागची. फोनमध्ये गाण्याची ओळ येऊन जायची, आणि मी ती विसरते न विसरते तोच यांची बोटं तिच्यावर उतरायची. नेमकी. हे तिथे नव्हते, ते इथे नव्हते, आणि कोण कुठला मुख्याध्यापक आपल्या घरी बसून चौघांना एकत्र ऐकत होता. मी देवळात बसतात तशी बसले होते, मांडीवर हात ठेवून.

शेवटचं गाणं संथ होतं. यांनी बोटं सोडून गज हातात घेतला. फोनमध्ये बाईंचा शेवटचा सूर विरला आणि खुडबुड कुजबुजली, "काकू, इथे संपलं. दातवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलंय. कुणीच टाळ्या वाजवत नाहीये. थांबा, वेबसाइटवरचा आवाज हॉलच्या स्पीकरवर सोडतेय. शेवट ऐकू दे सगळ्यांना, काकांच्या बाससकट."

काही क्षण नुसतीच शांतता. मग फोनमधून, त्या तळघरातून, यांचा बास आला. इथे हे अजून वाजवत होते. दोन्ही कानांत माझा नवरा होता, एकीकडे आत्ताचा आणि एकीकडे थोडा आधीचा, आणि कुठल्या कानाने ऐकावं ते मला कळेना.

यांचा गज थांबला. हात खाली आला. हे वाट बघत राहिले. यांना आता हॉलमधली ती ओठांवर बोट ठेवलेली शांतता ऐकू येत असणार, दुसरं काहीच नाही.

"टाळी नाही वाजवली कुणी," हे म्हणाले. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. मग हेडफोनकडे हात नेला. "राहू दे. ठेव खोळ घालून."

मी उठले आणि यांच्या दोन्ही कानांवर हेडफोनवरूनच हात दाबून धरले. फोन खांद्यात अडकवलेला.

"अगं, संपलं."

"नाही संपलं. थांबा म्हणते ना!"

चाळीस वर्षांच्या संसारात मी यांच्याशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. हे थांबले. माझ्या हातांखाली यांचा चेहरा एकदम बदलला. भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडं पडलं.

"अगं," हे म्हणाले, "हा बास. हॉलमध्ये." आणि जरा वेळाने, "मी वाजतोय तिथे."

त्याच वेळी फोनमध्ये हॉल फुटला. टाळ्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणीतरी शिट्टी मारली, आणि खुडबुड हुंदके देत ओरडत होती, "काकू, सगळे उभे राहिलेत, सगळे!" मला ते ऐकू येत होतं आणि यांना अजून नव्हतं. हे डोळे मिटून आपलाच सूर ऐकत होते. मी एक शब्दही बोलले नाही. येऊ दे, आपल्या पावलांनी येऊ दे, असं म्हणत यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढं मोठं काहीतरी यांच्याकडे निघालंय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मग ते पोचलं. यांनी डोळे उघडले. बासच्या मानेचा आधार घेतला आणि स्टुलावरून उतरून उभे राहिले, नळी सांभाळत. समोर आमचं कपड्यांचं कपाट होतं. यांनी त्या कपाटापुढे कमरेत वाकून नमस्कार केला, आणि टाळ्या थांबेपर्यंत तसेच वाकून राहिले.